दोरी पडली की पळायचं

लोक मला हमखास विचारतात, "सर, तुम्ही कुठल्या शर्यतीत पहिले आलात?" मी सांगतो, एकाही नाही. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या पोरापोरींच्या कितीतरी शर्यती माझ्याशिवाय सुरूच झाल्या नाहीत, त्याचं काय? मी स्टार्टर होतो. शाळेत खेळ शिकवायचो आणि स्पर्धा आल्या की लाल टोपी घालून, हातात पिस्तूल घेऊन रेषेशेजारी उभा राहायचो.

बघणाऱ्याला वाटतं, यात काय एवढं? हात वर, ठो, पोरं सुटली. अहो, ठो सोपा असतो. अवघड असतो तो त्याच्या आधीचा श्वास. 'ऑन युवर मार्क्स' म्हटलं की पोरं फक्कीच्या रेषेवर बसतात. 'सेट' म्हटलं की कंबरा वर येतात. मग सगळी स्थिर होईपर्यंत वाट बघायची. एकाचा अंगठा वळवळतोय, एकीची वेणी घसरून नाकावर आलीय, कुणाला नेमकी तेव्हाच शिंक येते. घाईने बार काढला तर कुणावर तरी अन्याय, जास्त ताणलं तर कुणीतरी आधीच उधळतं. एवढ्या पोरांचे श्वास एका बोटावर धरून उभं राहायचं, आणि घरी गेल्यावर बायकोने विचारायचं, "आज काय केलंत? नुसते फटाके वाजवलेत ना?"

आणखी एक गंमत सांगतो, ती पुढे लागणार आहे. शंभर मीटरच्या शर्यतीत घड्याळं धरलेली माणसं पलीकडे, शेवटच्या रेषेजवळ बसलेली असतात. त्यांनी घड्याळ दाबायचं ते बाराचा आवाज ऐकून नव्हे, पिस्तुलाचा धूर बघून. आवाज पोचायला जरा वेळ लागतो, धूर लगेच दिसतो. तो उठून दिसावा म्हणून पिस्तुलामागे एक काळी पाटी धरलेली असते. आमच्या टायमर मंडळींना मी हे वर्षानुवर्षं घोकून घेतलं होतं. "कानात बोळे घालून बसलात तरी चालेल, पण पाटीवरची नजर हलवायची नाही. धूर म्हणजे सुरुवात, बाकी सगळं झूठ." बिचारे ऐकायचे. फार ऐकायचे, हीच पुढे भानगड झाली.

पिस्तुलाखेरीज माझं दुसरं वेड म्हणजे ऑलिंपिक. दर वर्षी शाळेच्या क्रीडादिनाच्या सकाळी मी 'ऑलिंपिक: तेव्हा आणि आता' असं भाषण ठोकायचो. पोरांना ते पाठ झालं होतं, तरी आवडायचं, कारण त्यात नागडे धावपटू होते. प्राचीन ग्रीसमध्ये खेळाडू अंगाला तेल चोपडून विवस्त्र पळत, हे सांगितलं की मागच्या बाकांवर जी खसखस पिकायची ती मी बार काढल्याशिवाय थांबायची नाही. सुरुवातीला म्हणे एकच शर्यत होती, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. रथांच्या शर्यतीत जीव धोक्यात घालायचा हाकणाऱ्याने आणि विजेता ठरायचा रथाचा मालक. यावर आमचे मुख्याध्यापक दर वर्षी संस्थाचालकांकडे बघून गोड हसायचे. चुकून कुणी आधी सुटला तर त्याला छडीने बडवत. आता नुसतं लाल कार्ड दाखवून बाहेर काढतात. पोरांना विचारलं की सगळी म्हणत, "सर, छडी परवडली!" खरंच आहे. माझ्या तरुणपणी प्रत्येकाला एक चूक माफ होती, मग सगळ्यांत मिळून एक माफ झाली, आता पहिल्याच चुकीला घरचा रस्ता.

भाषणाचा शेवट मात्र मी गंभीर करायचो. तेव्हा दुसरा-तिसरा नंबर नावाची गोष्टच नव्हती. पहिला आला त्याला ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट, बाकीचे मान खाली घालून गल्लीबोळातून घरी. बायकांना तर ऑलिंपिकमध्ये पळायला बंदीच, लग्न झालेलीला बघायलासुद्धा मनाई. मग ते खेळ बंद पडले, शेकडो वर्षांनी पुन्हा सुरू झाले, बायका आल्या, चांदीचं-काशाचं पदक आलं, घड्याळं आली, कॅमेरे आले. "बाळांनो, आपण चांगल्या काळात जन्मलोय," असं म्हणून मी खाली बसायचो.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधी मला हुक्की आली. म्हटलं, यंदा क्रीडादिन प्राचीन पद्धतीने करायचा. कपड्यांच्या बाबतीत आधुनिक पद्धत ठेवली, हे आधीच सांगतो. दोन पालकांनी येऊन खात्री करून घेतली होती. मुकुटाला ऑलिव्ह कुठलं मिळणार? आंब्याची पानं वापरायची ठरली. पण डिसेंबरात मोहोर फुटत असताना हापूसची डहाळी तोडू देईल असा बागायतदार रत्नागिरीत अजून जन्मायचाय. शेवटी पालीच्या रस्त्यावरच्या एका रायवळ झाडाने आमची लाज राखली.

राहता राहिली सुरुवात. मी वाचलं होतं की ग्रीक लोकांनी पुढे सुरुवातीसाठी एक फाटक केलं होतं. रेषेच्या दोन टोकांना दोन खांब, त्यांना बांधलेली दोरी धावणाऱ्यांच्या समोर आडवी. सुरुवात करणारा मागे उभा राहून खांबांना मागे ताणून धरणारी ओढ सोडायचा, खांब फटकन पुढे आडवे पडायचे, त्यांच्याबरोबर दोरी जमिनीवर, आणि सगळे सुटायचे. म्हटलं, हे करून बघू. पोफळीचे दोन खांब घेतले, बुडाला बिजागऱ्या, पुढे खेचायला सायकलच्या ट्यूब. दोरी आणली रुबीनाच्या वडिलांच्या होडीवरून.

रुबीना आमच्या नववीतली. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही कान गेले होते. तिचे वडील इब्राहिमभाई होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारे प्रमुख. पोरगी हाडाने बारीक, पण पळायला लागली की मागे धूळ. तरी शर्यतीत कधी तिसरीच्या वर आली नव्हती. तिला माझा बार ऐकूच यायचा नाही. शेजारचीचा हात जमिनीवरून उचलला गेला की ती निघायची. म्हणजे तिची शर्यत दर वेळी दुसऱ्याच्या हातांवर सुरू व्हायची. बाकीची पोरं मला पाठीमागे 'ठो सर' म्हणत. तिला ठो माहीतच नव्हता. ती माझं नाव खुणेने घ्यायची: मूठ डोक्यावर आणि मग बोटं हळूहळू उघडायची. धूर.

तर क्रीडादिन उजाडला. शिक्षकांच्या शर्यतीत विज्ञानाचे सावंत सर फाटक पडायच्या आधीच निघाले आणि दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखे दुमडले. शाळा लोटपोट. मग मुलींची शर्यत आली. मी ओढ सोडली, दोरी पडली, आणि रुबीना सुटली. सगळ्यांच्या बरोबर सुटली हो! आयुष्यात पहिल्यांदा. निम्म्या मैदानापर्यंत बाकीच्या मुली तिची पाठ बघत होत्या. शेवटची रेषा पहिली ओलांडूनही ती थांबलीच नाही, तशीच कुंपणापर्यंत पळाली आणि वळून माझ्याकडे बघत राहिली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गंमत म्हणून केलेलं ते फाटक, आणि माझ्या पिस्तुलाला इतकी वर्षं जमलं नव्हतं ते त्या मासळीच्या दोरीने केलं होतं.

इब्राहिमभाई दोरी परत न्यायला आले होते म्हणून कुंपणाशी उभे होते. माझं भाषणही त्यांनी ऐकलं होतं. मी जाऊन म्हटलं, "भाई, हिला जिल्ह्याला उतरवू या. ही पुढे जाईल."

ते जरा वेळ दोरीची गुंडाळी करत राहिले. "सर, पोरीचा मामा कुवेतला असतो. तो म्हनतो, धावी झाली की शिवणकाम शिकवा, लगीन करा. घरात सगळ्यांचा तोच हट्ट हाय."

"आणि तुमचं काय म्हणणं?"

"माजं म्हननं…" त्यांनी रायवळाच्या मुकुटातल्या पोरीकडे बघितलं. "पुढच्या वर्साला जिल्ह्यात पयली आली, तर पळू दे. मी घरात बगून घेईन. नाय आली, तर ह्ये पळनं बंद. परत इषय काडायचा नाय."

"पहिलीच?"

"तुमीच म्हनलात ना आता, पयला तोच खरा."

झाली का पंचाईत! माझ्याच भाषणाने माझा गळा धरला होता. पण तांडेलाचा शब्द, तो एकदा गेला की गेला.

वर्षभर आम्ही तयारी केली. पावसाळा सरला आणि जिल्हा स्पर्धा रत्नागिरीतच आल्या. आदल्या दिवशी दुपारी पंचांची बैठक होती. मी विषय काढला की रुबीनासाठी फाटक वापरू द्या. दापोलीच्या एका शाळेचे महाडिक सर लगेच उभे राहिले. तरुण, अभ्यासू माणूस, बोलणं सरळ.

"सर, तुमच्याविषयी आदर आहे. पण नियमात पिस्तूल आहे. उद्या कुणी म्हणेल माझ्यासाठी ढोल वाजवा."

मी म्हटलं, "महाडिक सर, ऑलिंपिकमध्ये आता पिस्तुलाला धूरही नसतो, ठाऊक आहे ना? प्रत्येक धावपटूच्या पाठीमागे एकेक स्पीकर असतो. का? तर बाहेरच्या पट्टीतल्याला बाराचा आवाज किंचित उशिरा पोचायचा. किंचित! डोळ्याची पापणीसुद्धा लवणार नाही इतका. जगातली एवढी शहाणी माणसं त्या किंचितसाठी धडपडली. आमच्या पोरीला तो आवाज कधीच पोचत नाही. तिच्यासाठी आपण एक दोरी नाही बांधायची?"

स्पर्धाप्रमुख नाईकबाई, ज्यांचं बोलणं एरवी शिट्टीपेक्षा मोठं असायचं, त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सगळ्या मुलींना एकच इशारा असेल तर माझी हरकत नाही."

महाडिक म्हणाले, "मग एकच ठेवा. बार आणि फाटक दोन्ही नको. दोन्हीत फरक पडला तर गोंधळ." मुद्दा रास्त होता. ठरलं की मुलींच्या शंभर मीटरला फक्त फाटक. नाईकबाईंनी आणखी एकदा विचारलं, "काही राहिलं नाही ना?" सगळे म्हणाले, "नाही."

राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलींच्या प्राथमिक फेऱ्या सुरू झाल्या. ज्यांच्या वेळा सगळ्यांत चांगल्या, त्या मुली अंतिम शर्यतीत, असा हिशोब. पहिल्याच फेरीत रुबीना. शेजारच्या पट्टीत महाडिकांच्या शाळेची श्रावणी, उंच, दांडगी मुलगी, गेल्या वर्षीची विजेती. मी मागे जाऊन ओढ धरली. सगळ्या स्थिर झाल्या. सोडली. फट्! दोरी लाल मातीवर, आणि रुबीना बाणासारखी. श्रावणीने जीव खाऊन पाठलाग केला, पण आमची पोर वीतभर पुढे राहिली. मी टोपी उडवली. इब्राहिमभाईंनी कुंपणावर बुक्की मारली.

आणि बघतो तर काय! शेवटच्या रेषेजवळ आमची टायमर मंडळी एका ओळीत बसलेली, घड्याळावर अंगठे, नजर मुलांच्या शर्यतींसाठी पलीकडे उभ्या केलेल्या काळ्या पाटीवर. मुली समोरून निघून गेल्या तरी ती हलेनात. धुराची वाट बघत होती!

मी धावत गेलो. "अहो, शर्यत झाली!"

त्यांच्यातले वडीलधारे केतकर गुरुजी पाटीवरची नजर न काढता म्हणाले, "धूर कुठे आला?"

कपाळाला हात लावला मी. रागावणार कुणावर? शिकवणूक माझीच होती आणि त्यांनी ती इमानाने पाळली होती. एकाही घड्याळात वेळ नव्हती. वेळ नाही तर अंतिम शर्यतीत कोण जाणार हे ठरणार कसं? नाईकबाईंनी निकाल दिला, ही फेरी सगळ्यांत शेवटी पुन्हा.

इब्राहिमभाई तरातरा आत आले. "कोण पयली आली ते समद्यांनी बगितलं. घड्याळ कशाला पायजे?"

प्राचीन ऑलिंपिकमध्ये घड्याळ नव्हतंच. डोळ्यांनी बघायचं, पहिला कोण ते ठरवायचं, मुकुट घालायचा, संपलं. माणूस बरोबर बोलत होता, फक्त दोन हजार वर्षं उशिरा. रुबीनाला मी खुणेने समजावलं. मूठ वर, बोटं उघडून दाखवली आणि मान हलवली: धूर नव्हता. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मेल्याहून मेलो. मग एक बोट वर करून छातीवर आपटलं. मी पहिली आले. पुन्हा पुन्हा आपटलं. मी नुसती मान डोलावत राहिलो.

फेरी पुन्हा झाली. या वेळी केतकर गुरुजींना दोरीकडे तोंड करून बसवलं होतं. रुबीना पळाली, श्रावणीच्या मागून आली, पण दोघींच्याही वेळा अंतिम शर्यतीपुरत्या निघाल्या. मग फारशी विश्रांती न देताच अंतिम शर्यत घ्यायचं ठरत होतं, कारण दापोलीवाल्यांची परतीची एसटी सुटायची होती. महाडिक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सर, गाडी सुटली तर सुटली, आम्ही बघू काहीतरी. दोघी दमल्यात. पोरींना श्वास घेऊ द्या." त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला. नाईकबाईंनी सगळ्यांना सावलीत बसवलं. श्रावणीने आपली पाण्याची बाटली रुबीनापुढे धरली. दोघींनी आळीपाळीने तोंड लावलं.

उन्हं कलल्यावर अंतिम शर्यत लागली. मी ओढ धरली आणि तिची गाठ दोनदा तपासली. कितीदा पिस्तूल झाडलं असेल, पण असं कधी झालं नव्हतं. सोडली. सगळ्या एकदम सुटल्या. रुबीनाची सुरुवात अशी झकास की मला वाटलं झालं काम. पण शेवटच्या टप्प्यात तिचे पाय जड झाले, ते मला मागूनसुद्धा दिसलं. श्रावणी बाजूला आली आणि हातभराने पुढे गेली.

रुबीना दुसरी.

मी तिथेच उभा राहिलो. मनात म्हटलं, संपलं सगळं. सकाळी कुणी दोन घड्याळं दाबली असती तर ही पोर ताज्या पायांनी पळाली असती. आजही तो विचार आला की जीव चरफडतो. ती शेवटच्या रेषेवर वाकून धापा टाकत होती आणि वर बघत नव्हती. तिला बापाची अट ठाऊक होती.

इब्राहिमभाई मैदानातून चालत आले. आधी फाटकाजवळ थांबले, वाकून आपली दोरी सोडवायला लागले. मी जवळ गेलो. म्हटलं, "भाई, इथे पहिल्या दोघी विभागीयला जातात. दुसरा नंबरही पुढे जातो. पण तुमचा शब्द तुमच्याजवळ. मी काही बोलणार नाही."

त्यांनी मातीने माखलेली दोरी कोपरावर गुंडाळायला घेतली. "सर, तुमच्या त्या जुन्या खेळात दुसऱ्याला काय नाय मिळायचं."

"नाही मिळायचं."

"आनि बायकांना पळायला द्यायचे?"

"नाही. लग्न झालेलीला बघायलासुद्धा नाही."

"मग जुना कायदा धरला तर माजी पोर आज इथं नसतीच. नि नवा धरला तर दुसरी पन पुढं जाते." गुंडाळीला गाठ मारत ते म्हणाले, "अर्दा जुना, अर्दा नवा, असं कसं चालंल? कुवेतवाल्याशी मी बोलतो."

मग त्यांनी पोरीकडे जाऊन तिची हनुवटी वर केली, दोन बोटं दाखवली आणि हात लांब पुढे नेला. ती आधी बघतच राहिली. मग अशी काही किंचाळली की श्रावणी दचकली. मुकी नव्हती हो पोर, फक्त तिने तेवढ्या मोठ्याने ओरडावं असं काही घडलं नव्हतं. जाताना तिने माझ्याकडे बघितलं आणि माझं नाव घेतलं, पण ते नेहमीचं नव्हतं. मूठ नाही, धूर नाही. कोपरापासून हात उभा धरला आणि फटकन आडवा पाडला.

मी स्कूटरजवळ आलो तर पाय ठेवायच्या जागेवर ती दोरी ठेवलेली. इब्राहिमभाई केव्हाच निघून गेले होते.

घरी पोचलो. बायको, सुनंदा, दारातच उभी होती. सगळी अट तिला ठाऊक होती, सकाळपासून जेवलीही नव्हती धड. "पहिली आली?" तिने विचारलं.

"दुसरी."

तिचा चेहरा पडला. मग नजर स्कूटरवर गेली. "अगंबाई, काय वास मारतोय त्या दोरीला! त्यांची दोरी त्यांना द्यायची नाही का?"

"देणार होतो," मी म्हटलं, "पण विभागीयला लागणार आहे."